अहवाल सुनेचा, बैठक आपली

अलीकडे आपल्या घरांतून ‘डबल मार्कर’ हा शब्द ‘डोहाळजेवण’ या शब्दाच्या कितीतरी आधी उच्चारला जाऊ लागला आहे. गरोदरपणाचे अकरा आठवडे पुरे झाले, की चौदावा आठवडा लागण्यापूर्वी आईचे रक्त तपासले जाते, सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील पारदर्शक थराची जाडी मोजली जाते, त्यात आईचे वय मिळवले जाते आणि संगणक एक आकडा काढून देतो. ऐंशीत एक, अडीचशेत एक, तीन हजारांत एक. घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत तो आकडा असतो. आत आला, की त्याचे ‘रिपोर्ट खराब आला’ असे तीन शब्दांचे वाक्य होते. मग दिवाणखान्यात बैठक भरते. थोरले दीर येतात, पुण्याच्या आत्याबाईंना फोन लागतो, कोणाचा तरी ओळखीचा डॉक्टर निघतो. ज्या बाईच्या रक्तावरून हा आकडा निघाला ती बहुधा आत चहा गाळीत असते.

या बैठकीविरुद्ध आम्हाला लिहायचे आहे. आमचे लिहिणे चाचणीविरुद्ध नाही, आणि चाचणीच्या बाजूचेही नाही. पुढची तपासणी करावी की करू नये, हा प्रश्न ज्या जोडप्यापुढे उभा राहतो त्यांना उत्तर देण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचे म्हणणे एवढेच, की तो आपल्यापैकी कोणालाच नाही. आणि तरीही तो आपण राजरोस वापरीत आहोत.

बैठकीत पहिली चूक होते ती शब्दाची. चाळणी आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीठ चाळले म्हणजे भाकरी झाली असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. पण रक्ताची चाळणी झाली, की रोगाचे निदान झाले असे आपण धरून चालतो. ढोबळ हिशेब करून पाहावा. डाउन सिंड्रोम, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असणे, सुमारे सातशे ते आठशे जन्मांत एकदा आढळते. दहा हजार गरोदर स्त्रिया तपासल्या, तर त्यांत अशी तेरा-चौदा बाळे असतील. पहिल्या तिमाहीतील ही एकत्रित चाळणी त्यांतील अकरा-बारा पकडते. त्याच वेळी जिथे काहीच नाही अशा शंभरांतील पाचांना ती ‘संशयित’ ठरवते. म्हणजे दहा हजारांत सुमारे पाचशे घरांत बैठक भरते ती विनाकारण, आणि दोन घरांत पेढे वाटले जातात तेही चुकून. अहवालावर ‘दोनशेत एक’ असे लिहिले असेल, तर तशा दोनशे स्त्रियांतील एकशे नव्याण्णवांच्या बाळांना तो विकार नाही, असा त्याचा अर्थ आहे. मात्र जी एक आहे तिच्यासाठी तो आकडा अर्धा टक्का नसतो, तिच्यासाठी तो शंभर टक्के असतो. म्हणून नुसते ‘घाबरू नकोस, काही होत नाही’ म्हणणेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

हा संशय फेडायचा तर पुढचे मार्ग आहेत. एक नवा, आईच्या रक्तात तरंगणाऱ्या गर्भाच्या डीएनएचे तुकडे वाचण्याचा. हाँगकाँगच्या डॉ. डेनिस लो यांनी हे तुकडे असतात हे १९९७ मध्ये दाखवून दिले आणि २०११ पासून ही चाचणी बाजारात आली. आपल्याकडे तिला एनआयपीटी म्हणतात. डाउनपुरती ती पहिल्या चाळणीपेक्षा पुष्कळच बारीक जाळीची आहे. पण तीही चाळणीच. ते तुकडे मुख्यतः वारेतून आलेले असतात, प्रत्यक्ष बाळातून नव्हे. आणि वार व बाळ यांची गुणसूत्रे क्वचित जुळत नाहीत. शिवाय विकार जितका विरळ, तितके ‘आहे’ या उत्तरातले खोट्याचे प्रमाण अधिक. पंचविशीतल्या आईच्या वाट्याला आलेल्या अशा होकारांतला बराच मोठा भाग फोल असू शकतो, चाळिशीतल्या आईच्या बाबतीत तो थोडा असतो. गुणसूत्रांच्या अतिसूक्ष्म तुटींच्या चाचण्यांविषयी तर न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२ मध्ये लिहिले, की त्यांतील होकार बहुतांशी चुकीचे ठरतात; त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की केवळ अशा चाळणीवर गर्भाविषयी कोणताही निर्णय घेऊ नये. आपल्याकडील प्रयोगशाळांच्या रंगीत पत्रकांवर हे वाक्य ठळक अक्षरांत असावे, अशी अपेक्षा करणे बहुधा भाबडेपणाचे होईल.

खरे निदान सुईने होते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन, किंवा पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. जुन्या पुस्तकांत दोनशेत एक असे लिहिलेले आढळते. अलीकडच्या अभ्यासांत अनुभवी हातांत तो त्याहून बराच कमी निघाला आहे, पण शून्य नाही. गर्भजलाचा तातडीचा निकाल काही दिवसांत मिळतो, पुरा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि सुईनंतरही कधीकधी ‘बदल आढळला, अर्थ निश्चित सांगता येत नाही’ असाच शेरा येतो. आम्ही सरकारी फायलींत आयुष्य काढले आहे. ‘अधिक माहिती मागवावी’ या शेऱ्याचे मोल आणि त्याचा छळ, दोन्ही आम्हाला ठाऊक आहेत. परंतु फाईल कपाटात थांबू शकते. गर्भ थांबत नाही.

येथे बैठकीचे खरे कर्तृत्व दिसून येते. तेराव्या आठवड्यात अहवाल आला. आठवडाभर तो कोणाला दाखवायचा यात गेला. मग पितृपक्ष, या दिवसांत असले विषय नकोत. मग मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ. मग थोरल्यांचे मत, ‘आमच्या वेळी कुठे होत्या असल्या तपासण्या?’ अठरावा आठवडा उजाडतो तेव्हा बैठकीने अद्याप काहीच ठरवलेले नसते आणि तरीही बरेच काही ठरून गेलेले असते. वारेच्या परीक्षणाची वेळ टळलेली, गर्भजलाचा पुरा निकाल यायचा तर विसावा आठवडा ओलांडायचा. काही न ठरवणे हाही निर्णयच असतो, फक्त त्याच्याखाली कोणाची सही नसते. सही नसलेल्या निर्णयांचा पुरस्कार निदान आमच्यासारख्या पेन्शनरांनी तरी करू नये.

वेळेची किंमत काय असते हे या देशाने ऑगस्ट २००८ मध्ये पाहिले. निकेता मेहता या मुंबईकडील गृहिणीच्या गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे चोविसाव्या आठवड्यात कळले. १९७१ च्या कायद्याची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची होती. तिने, तिच्या पतीने आणि डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने नकार दिला. आणि त्याच महिन्यात तिचा गर्भ आपोआप गेला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवर सारा देश तिचा निर्णय करायला बसला होता. अनेकांनी तर ते मूल आम्ही सांभाळू असेही जाहीरपणे सांगितले. ती बैठक आपल्या दिवाणखान्यातल्याहून फक्त आकाराने मोठी होती.

पुढे कायदा बदलला. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले, गर्भातील गंभीर व्यंगासह काही ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा मिळाली, आणि गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने निश्चित केले, तर वरची मर्यादा राहिली नाही. त्याच मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल व न्या. एस. जी. डिगे यांच्यापुढे बत्तीस आठवड्यांवर गेलेल्या गर्भाचे प्रकरण आले. व्यंग गंभीर होते, हे वैद्यकीय मंडळालाही मान्य होते. पण दिवस फार गेले, म्हणून परवानगी नको, असे मंडळाचे मत पडले. न्यायालयाने ते मानले नाही. निवड करण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटले. मुंबईचा निकाल सुरतेवर बंधनकारक नाही, हे आम्हाला कळते. १९६० पासून आपले उच्च न्यायालय निराळे आहे. कायदा मात्र दोन्हीकडे एकच. तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळालाही जो अधिकार न्यायालयाने नाकारला, तो थोरले दीर आणि पुण्याच्या आत्याबाई यांच्याकडे कोणत्या कलमाखाली आला, हे कोणी दाखवून दिल्यास आम्ही आभारी राहू.

कलमांचेच बोलायचे, तर आणखी दोन सांगतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्याची पार्श्वभूमी आपल्याला सांगावी लागू नये. गर्भातील दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजलाची चाचणी या देशात मुली शोधून काढण्यासाठी वापरली गेली, आणि २००१ च्या जनगणनेत गुजरातेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८८३ मुली उरल्या. या कायद्याच्या चोविसाव्या कलमात एक विलक्षण गृहीतक आहे. असा गुन्हा घडला, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने असे धरून चालायचे, की गरोदर बाईला तिच्या नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले. कायदा करणाऱ्यांनी आपला दिवाणखाना पाहिला होता. दुसरे, पाचवे कलम. कोणतीही प्रसवपूर्व निदानाची क्रिया करण्याआधी तिचे सर्व ज्ञात परिणाम त्या स्त्रीला समजावून सांगायचे, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यायची आणि संमतिपत्राची प्रत तिला द्यायची. नवऱ्याची नव्हे, सासऱ्यांची नव्हे. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते.

‘तिला समजणाऱ्या भाषेत’ हे शब्द आपण सुरतकरांनी दोनदा वाचावेत. आपली पिढी गुजराती शाळांत शिकली, आपले हिशेब गुजरातीत होतात, आपल्याला ती परकी भाषा वाटत नाही. पण सुना आपण कोठून आणतो? नाशिक, सांगली, सातारा, फार तर बडोदे. आमच्या नात्यातील एका घरची हकीकत आहे. मुलगी सांगलीकडची, लग्नाला सव्वा वर्ष झालेले. गुजराती बोललेले तिला समजते, वाचता येत नाही. शिरोरेघ नसलेली ती अक्षरे ओळखीची वाटतात आणि ओळ पुरी होत नाही. आकडा ‘एकशे ऐंशीत एक’ असा आला. बैठका झाल्या. अखेर एका रुग्णालयात गर्भजल काढायचे ठरले आणि तिच्या पुढ्यात गुजराती संमतिपत्र आले. तिने विचारले, ‘यात काय लिहिले आहे?’ सासरे मायेने म्हणाले, ‘सही कर पोरी, आम्ही आहोत ना.’ ते मायेनेच म्हणाले, यात आम्हाला शंका नाही. सही झाली. सुईचा धोका किती, निकाल अनिश्चित येऊ शकतो का, आला तर काय, यांतले तिला कोणी एक अक्षर सांगितले नाही. आणि संमतिपत्राची प्रत सासऱ्यांच्या फाइलीत गेली. निकाल काय लागला हे आम्ही मुद्दामच येथे लिहीत नाही. तो चांगला लागला असे सांगितले, की वाचणारा सुस्कारा सोडून पान उलटतो; वाईट लागला असे सांगितले, की हळहळतो. तिला न वाचता सही करावी लागली, ही गोष्ट दोन्ही निकालांत तेवढीच खरी राहते.

आता वंशावळीकडे वळू. कारण या बाबतीत आपल्या जुन्या घरांचे दुखणे सर्वांत खोल आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

गायकवाडांबरोबर आलेली, सोनगड-व्यारा-नवसारीकडून पुढे सुरतेत स्थिरावलेली आपली घरे कागद जपण्यात कोणाला हार जाणार नाहीत. सनदा आहेत, इनामांचे दाखले आहेत, नऊ-नऊ पिढ्यांच्या वंशावळी आहेत. डॉक्टर विचारतो, ‘घराण्यात कोणाला मतिमंदत्व, अपंगत्व, लहानपणी गेलेली मुले, वारंवार रक्त द्यावे लागलेले कोणी?’ या प्रश्नाला केवळ औषधाच्या दृष्टीने महत्त्व नाही. प्रसवपूर्व निदान कोणाचे करता येईल याच्या ज्या अटी कायद्याने घातल्या आहेत, त्यांत पस्तिशीपुढचे वय, दोन वा अधिक आपोआप झालेले गर्भपात यांबरोबर पती अथवा पत्नीच्या घराण्याचा असा इतिहास ही एक अट आहे. आणि आपण तत्परतेने उत्तर देतो, ‘छे छे, आमच्याकडे तसले काही नाही.’

नाही कसे? प्रत्येक वाड्यात एक ‘साधा’ काका होता. देवळात घंटा वाजवायला जायचा, लग्नाच्या पंगतीत मागच्या खोलीत जेवायचा. त्याला काय झाले होते असे विचारले, की ‘लहानपणी ताप डोक्यात गेला’ हे एकच उत्तर तीन पिढ्यांना पुरले. चालता चालता पडू लागलेला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी गेलेला भाचा होता. ‘पोट फुगून’ गेलेली दोन पोरे होती. वंशावळीत त्यांची नावे नाहीत; निःसंतान गेलेल्याची रेघ तेथेच तोडण्याची पद्धत आहे.

याहून मोठी फट दुसरीच आहे. आपल्या वंशावळीत मुलींची नावे नसतात. स्नायू क्षीण करणारा डुशेन हा रोग, रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया, फ्रॅजाइल-एक्स नावाचा मतिमंदत्वाचा प्रकार, हे विकार प्रामुख्याने दिसतात मुलग्यांत, पण पुढे चालतात आईकडून. स्वतः निरोगी असलेली बाई तो दोष वाहून आणते आणि तिच्या मुलग्यांत तो निम्म्या शक्यतेने प्रकटतो. म्हणजे जो इतिहास डॉक्टरला हवा तो मावशीकडचा, आजीच्या भावाकडचा, पणजीच्या माहेरचा. नऊ पिढ्यांचा आपला कागद नेमक्या याच जागी कोरा. एवढी जपलेली वंशावळ आनुवंशिक रोगांच्या कामी इतकी निरुपयोगी ठरावी, याचा खेद करावा की तिला हसावे, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

त्यात आपली आते-मामे विवाहांची चाल. आपल्या शेजारच्या गुजराती कुटुंबांना ती ऐकूनही नवल वाटते. बहुतेकांकडे मामाची मुलगी ही बहीणच. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची, आणि परमुलखात वस्ती लहान, म्हणून तो हक्क जरा जास्तच बजावला गेला. सख्ख्या आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा आनुवंशिक द्रव्य समाईक असते. बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दोन-तीन टक्के. अशा विवाहांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे शंभरांतील नव्वदांवर बाळे धडधाकट जन्मतात, हेही तितकेच खरे. ही चाल पाप आहे असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण डॉक्टरने ‘नात्यातले लग्न आहे का?’ असे विचारल्यावर ‘तसे लांबचे’ असे गुळमुळीत उत्तर देणारी सासू आपण पाहिलेली आहे. त्या लांबच्या नात्याची लांबी किती, ते सुनेच्या पोटातल्या बाळाला ठाऊक असते.

दुसरा भ्रम जातीचा. थॅलेसेमिया सिंधी-लोहाण्यांचा, सिकलसेल गामीत-चौधरी-ढोडियांचा. आपला काय संबंध? दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे खरा. त्यासाठी राज्य सरकारने २००६ मध्ये स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, आणि या कामी आयुष्य वेचलेल्या वलसाडच्या डॉ. यझदी इटालिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण तो विदर्भात आहे, नंदुरबारात आहे. बीटा थॅलेसेमियाचे वाहक तर देशभर शंभरांत तीन-चार आहेत. कोणत्याही जातीला त्यातून सुटीचा दाखला मिळालेला नाही. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेस बाळाला मोठा आजार होण्याची शक्यता चारांत एक. आणि येथेही अनिश्चितता आहेच. वाहक ओळखायचा तो रक्तातील हिमोग्लोबिन ए-टू या घटकावरून. साडेतीन टक्क्यांच्या वर असले, तर सामान्यतः वाहक. एखाद्या मुलीचे तीन दशांश चार येते. वाहक की नाही? शरीरात लोह कमी असेल, तर हा आकडा खाली उतरतो. आणि आपल्या सुनांच्या शरीरात लोह का कमी असते, याचे उत्तर स्वयंपाकघरात शेवटी कोण जेवते यात आहे. अशा वेळी डीएनए तपासणे, नवऱ्याचे रक्त तपासणे, गरज पडल्यास मुंबईला केईएमच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी गाठणे, हे मार्ग आहेत. गंमत अशी, की नवऱ्याचे रक्त तपासायचे म्हटले, की बैठक एकाएकी शांत होते. सुनेच्या सुईला अनुकूल असलेले लोक मुलाच्या बोटाला टोचायला राजी नसतात.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, ते आम्हाला ऐकूही येत आहेत. एक आक्षेप देवाच्या नावाने येईल. त्याला उत्तर देण्याचे काम आमच्याआधी याच शहरात होऊन गेले आहे. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि आपले दादोबा पांडुरंग, मराठी व्याकरणकार, यांनी सुरतेत मानवधर्म सभा काढली आणि भुतेखेते मंत्राने उतरवणाऱ्यांना जाहीर आव्हान दिले. आपल्या बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, तेव्हाही हा घरचा प्रश्न आहे, सरकारने यात पडू नये, असेच म्हटले गेले असणार. घरचा प्रश्न म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषांचा प्रश्न, हा अर्थ जुनाच आहे.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यापुढे आम्ही आवाज खाली आणतो. अपंगांसाठी आणि अपंगांबरोबर काम करणारी माणसे विचारतात, की या चाचण्यांचा सारा रोख ‘अशी मुले नकोत’ याकडे नाही का? डाउन असलेले मूल म्हणजे केवळ आपत्ती, हे कोणी ठरवले? या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयाचा दोष असतो, पण त्यांतील बरेच शस्त्रक्रियेने सुधारतात. जेथे उपचार मिळतात अशा देशांत ही माणसे आज साठीपर्यंत जगतात. त्यांतील कित्येक वाचतात, काम करतात, घराला लळा लावतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया यांनाही एकवीस अपंगत्वांच्या यादीत स्थान दिले. हे सगळे त्या जोडप्याला सांगितले गेले पाहिजे, आणि चाचणीच्या आधी सांगितले गेले पाहिजे. ‘असे मूल असलेल्या एका घरी जाऊन या’ असे सांगणारा डॉक्टर आम्हाला शंभर पत्रकांपेक्षा मोलाचा वाटतो. सर्व ऐकून एखादी म्हणाली, की मला सुई नको, जे येईल ते माझे. तर तिच्या पाठीशी उभे राहावे. दुसरी म्हणाली, की मला जाणून घ्यायचे आहे, जाणून मी काय करीन ते नंतर पाहीन, तर तिच्याही. जाणून घेणे म्हणजे गर्भपातच असे बैठक धरून चालते. कित्येकींना केवळ तयारी करायची असते, प्रसूती कोठे करायची, हृदयाचे डॉक्टर जवळ असतील का, नोकरी सोडावी लागेल का. आणि तिसरी म्हणाली, की मला हे झेपणार नाही, तर आपण तिला पाषाणहृदयी म्हणणार का? ते मूल वाढवायचे, रात्री जागायचे, शाळेच्या दारातून परत आणायचे, रक्तपेढीत दर तीन आठवड्यांनी रांग लावायची, ते कोणी? बैठकीतले कोणीही नव्हे. आम्ही तोवर हार घातलेल्या तसबिरीत असू.

मग वडीलधाऱ्यांनी करायचे तरी काय, असे कोणी चिडून विचारील. पुष्कळ आहे. या चाचण्यांना हजारो रुपये लागतात आणि तरुणांच्या हाताशी ते नसतात. पैसे द्यावेत, मत मागितल्याशिवाय देऊ नये. सुनेला डॉक्टरकडे एकटीने बोलू द्यावे, आपण बाहेरच्या बाकावर बसावे. घराण्यातल्या ‘साध्या’ काकांची हकीकत, पणजीच्या माहेरच्या त्या दोन पोरांची हकीकत, आपल्याला आठवते तेवढी, खरी, कागदावर लिहून तिच्या हाती द्यावी. ही हकीकत जाणणारे आपण शेवटचे आहोत. आपल्यामागून ती कोणाला सांगता येणार नाही.

आणखी एक. आपल्या मंडळाच्या वधूवर नोंदणी अर्जात गोत्र, नाडी, मंगळ, रक्तगट इतके सारे रकाने आहेत. त्यात थॅलेसेमियाचा एक रकाना वाढवावा, अशी सूचना कोणी करील. आम्ही तिच्या विरुद्ध आहोत. तो रकाना मुलीच्या अर्जात वाचला जाईल आणि मुलाच्या अर्जात वाचला जाणार नाही, एवढे आपण आपल्याला ओळखतो. शिवाय एकटा वाहक असणे हा काही रोग नव्हे. दोघे वाहक असले तरच प्रश्न उद्भवतो. सायप्रस या लहानशा बेटावर १९८० च्या दशकापासून चर्चमध्ये लग्न लावण्यापूर्वी तपासणी झाल्याचा दाखला लागतो. निकाल काय आला, हे पाद्र्याला कळवले जात नाही, फक्त त्या दोघांना कळते. बहुतेक वाहक जोडपी लग्न मोडत नाहीत, पण पुढे काय करायचे ते डोळसपणे ठरवतात, आणि तेथे या रोगाने ग्रस्त बाळांचे जन्म जवळजवळ थांबले आहेत. आपल्यालाही लग्न ठरल्यावर दोघांनी तपासणी केली एवढाच दाखला पुरे. निकाल पाहण्याचा मोह आवरणे आपल्याला जड जाईल, पण आवरावा.

राहता राहिले संमतिपत्र. कायद्याने ठरवलेला तो नमुना काही पाने भरणारा नाही. त्याचे मराठी भाषांतर एका दुपारचे काम आहे. ते आम्ही करून देऊ. शहरातील एखाद्या मराठी जाणणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागेल, आणि त्याच्या शंभर प्रती काढून आपल्या घरांतील सुना जेथे जातात त्या दवाखान्यांत नेऊन द्याव्या लागतील. झेरॉक्सचा खर्च मंडळाने करावा.